पत्ता नाही, पट्टा: पंखावरून फुलपाखराचं जन्मस्थान शोधताना

कीटकांचा अभ्यास नव्यानं सुरू केलेली मुलं-मुली बटर पेपरच्या त्रिकोणी पाकिटातला एखादा पंख पुढे करतात आणि विचारतात, "हे कुठून आलं असेल?" प्रश्न रास्त आहे. उत्तराचा बराचसा भाग त्या पंखातच असतो, आणि तो वाचायची रीत शिकता येते. फक्त सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. पंख पत्ता सांगत नाही, पट्टा सांगतो. नकाशावरचा शेकडो किलोमीटर रुंद, कधी कधी दोन देशांतून जाणारा पट्टा. ज्याला गावाचं नाव हवं असतं त्याची या कामात निराशा होते. ज्याला पट्टा पुरेसा वाटतो त्याला मात्र इतर कुठल्याही मार्गानं न मिळणारी माहिती मिळते.

पुढचं सगळं अशा नवख्यांसाठी आहे: पदवीचा प्रकल्प करणारे, निसर्ग मंडळांतून फुलपाखरांच्या नोंदी ठेवणारे, आणि प्रयोगशाळेत पाय ठेवण्याआधी काय काय समजून घ्यायला हवं ते विचारणारे.

पंखात नेमकं काय साठतं

उत्तर अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखरांच्या पंखांवर कागदी खूणपट्ट्या चिकटवून फ्रेड उर्कहार्ट यांनी कित्येक दशकं त्यांचा माग काढला. १९७५च्या जानेवारीत मेक्सिकोच्या डोंगरांत, ओयामेल फरच्या जंगलात मोनार्कची हिवाळी वस्ती त्यांच्या सहकाऱ्यांना सापडली. पुढच्या वर्षी तिथे मिनेसोटात खूण लावलेलं एक फुलपाखरूही मिळालं. ही पद्धत थोर आहे, पण तिला दोन मर्यादा आहेत. खूण लावलेल्या हजारोंतली मोजकीच पुन्हा सापडतात. शिवाय खूण जिथे लावली ती जागा कळते, जन्म कुठे झाला ते कळत नाही.

रासायनिक खूण मात्र प्रत्येक फुलपाखरू जन्मतःच घेऊन येतं. सुरवंट पानं खातो. पानात पाणी असतं आणि ते पाणी त्या भागात पडलेल्या पावसाचं असतं. कोषात पंख घडतो तो सुरवंटानं साठवलेल्या मालमसाल्यातून. फुलपाखरू बाहेर पडून पंख वाळले की पंखाचं कायटिन, म्हणजे पंख ज्याचा बनतो ते कठीण द्रव्य, निर्जीव होतं. त्यानंतर फुलपाखरू हजार कोस उडालं, वाटेत शंभर फुलांचा मध प्यालं, तरी पंखाच्या मूळ घडणीत फारसा बदल होत नाही. पोटातली चरबी बदलत राहते, म्हणून जन्मस्थान शोधायला धड घेत नाहीत, पंख घेतात.

आता पाण्यात ओळख कुठली? हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, ड्यूटेरियम. समुद्राच्या पाण्यात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे साधारण १५६ अणू ड्यूटेरियमचे असतात. समुद्रावरून उठलेला ढग आत सरकतो तसा आधी जड पाणी टाकत जातो. त्यामुळे किनाऱ्यापासून दूर, उंचावर आणि ध्रुवांकडे गेलं की पावसात ड्यूटेरियम कमी कमी होतं. उत्तर अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातापासून कॅनडापर्यंत हा उतार सुरेख लागतो. मोनार्कचा अभ्यास तिथे एवढा बहरला त्याचं एक कारण हेच.

पाकीट उघडण्याआधी प्रश्न लिहा

नवख्यांकडून सगळ्यात जास्त चूक इथे होते. आधी पन्नास पंख गोळा होतात आणि मग प्रश्न शोधला जातो. उलट करा. वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा: मला कोणत्या दोन किंवा तीन शक्यतांमध्ये निवड करायची आहे?

"हे फुलपाखरू कुठून आलं?" हा प्रश्न फार मोठा आहे. "हे सहाराच्या दक्षिणेला जन्मलं की भूमध्य समुद्राच्या काठी?" हा प्रश्न सुटण्याजोगा आहे, आणि पेंटेड लेडी या फुलपाखराबाबत तो खरोखर सुटला. ही फुलपाखरं शरद ऋतूत युरोपातून सहारा ओलांडून आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात जातात आणि वसंतात त्यांची पुढची पिढी परत येते, हे २०१६ आणि २०१८च्या संशोधनांत पंखांतल्या हायड्रोजनच्या आधारे दाखवता आलं. ते जमलं, कारण दोन्ही बाजूंच्या पावसाच्या खुणांमध्ये स्पष्ट फरक होता.

म्हणून दुसरं काम: तुमच्या शक्यतांमधल्या प्रदेशांच्या पावसात फरक आहे का, ते नकाशावर पाहा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना मिळून १९६१पासून जगभरच्या पावसाचे नमुने मोजतात. त्या आकड्यांवरून बनवलेल्या नकाशांना आयसोस्केप म्हणतात, आणि ते मोफत उतरवून घेता येतात. दोन्ही जागांचा रंग नकाशावर एकच असेल, तर हायड्रोजन तुम्हाला मदत करणार नाही. हे पैसे खर्च होण्याआधी कळलेलं बरं.

कोणती खूण कशासाठी

हायड्रोजन ही मुख्य खूण. बाकीच्या तिच्या मदतीला.

कार्बन वनस्पतींचा गट ओळखायला उपयोगी आहे. भात, रुई, बहुतेक झाडंझुडपं एका गटात मोडतात. ज्वारी, मका, ऊस दुसऱ्या गटात. दोन्ही गटांच्या पानांतल्या जड कार्बनच्या प्रमाणात मोठा फरक असतो, एका ठरलेल्या प्रमाणित नमुन्याशी ताडून दर हजारी फरकात सांगायचं तर पहिल्यात साधारण उणे २७ आणि दुसऱ्यात उणे १३च्या आसपास. गवतवर्गीय पिकांवर वाढणारं इव्हनिंग ब्राऊन भातावर वाढलं की उसावर, हे कार्बन सांगू शकेल. पण ज्याची खाद्यवनस्पती एकाच गटातली असते त्याच्या बाबतीत कार्बनचा आवाज मंद होतो.

स्ट्रॉन्शियम खडकाची खूण देतं. त्याच्याकडे पुढे सविस्तर वळू.

आणखी एक जुनी, फार देखणी पद्धत सांगायला हवी. मोनार्कचे सुरवंट मिल्कवीड ही चिकाची वनस्पती खातात आणि त्या चिकातली हृदयावर परिणाम करणारी विषं अंगात साठवतात. आपल्याकडचं प्लेन टायगर रुईवर हेच करतं. मिल्कवीडच्या प्रत्येक जातीची विषांची मिसळण वेगळी असते. लिंकन ब्राउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुलपाखराच्या अर्काचं पातळ थरावरचं वर्णलेखन करून ही मिसळण ठशासारखी वाचली. मेक्सिकोत हिवाळा काढणाऱ्या बहुसंख्य मोनार्कवर उत्तरेकडच्या कॉमन मिल्कवीडचा ठसा निघाला. समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड भावंडांची, मोजणी करणारी यंत्रं या कामाला जुंपली जाण्याआधीचं हे काम आहे. खाद्यवनस्पती हीच मुळात भूगोलाची खूण असते, हा विचार आजही कामाला येतो.

पंख गोळा करणं

इथे घाई करू नका. यंत्रातली चूक पुन्हा मोजून सुधारता येते. रानातली चूक कायमची राहते.

आधी परवानगी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२नुसार अनेक फुलपाखरांना संरक्षण आहे, आणि राखीव जंगलात किंवा अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलू नये, मेलेला पंखसुद्धा. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील, तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो. हे कागद व्हायला महिने लागतात. ते प्रकल्पाच्या वेळापत्रकात पहिल्या ओळीवर ठेवा.

फुलपाखरू मारणं दर वेळी गरजेचं नसतं, आणि ते टाळता आलं तर टाळावं असं मला मनापासून वाटतं. मोजणीला लागणारा पंख एक मिलिग्रॅमहूनही कमी. मागच्या पंखाच्या कडेचा छोटा तुकडा कापून फुलपाखरू सोडून देता येतं. रस्त्यावर गाडीखाली आलेली, कोळ्याच्या जाळ्यात उरलेली, पक्ष्यांनी धड खाऊन टाकलेले पंख, हे सगळं चालतं. मेक्सिकोतल्या मोनार्कच्या वस्त्यांखाली पक्ष्यांनी टाकलेल्या पंखांचा सडा पडलेला असतो. आपल्याकडे वेडा राघू नेहमी बसतो ती तार किंवा फांदी हेरून ठेवा आणि खालची जमीन रोज बघा.

प्रत्येक नमुन्याला वेगळं त्रिकोणी पाकीट. पाकिटावर पेन्सिलीनं लिहा, शाईनं नाही. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, उंची, जात, नर की मादी, आणि पंख किती झिजलाय. ही शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात. कोरा, कडा शाबूत असलेला पंख बहुधा जवळचं आणि ताजं फुलपाखरू सुचवतो. कडा फाटलेल्या, खवले उडालेल्या पंखाचं वय जास्त असण्याची शक्यता असते. पुढे नकाशावर दोन पट्टे सारखेच उमटले, तर ही एक नोंद निकाल एका बाजूला झुकवू शकते. फुलपाखरू कुठल्या दिशेनं उडत होतं, वारा कुठला होता, तेही लिहा.

पाकिटं कोरड्या, अंधाऱ्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल. फॉर्मालिन नको, अल्कोहोल नको, डांबराच्या गोळ्या नकोत. या प्रत्येकात हायड्रोजन आणि कार्बन आहे. स्ट्रॉन्शियम मोजायचं असेल तर धातूचा चिमटा वापरू नका, प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा घ्या, आणि पंखाला बोट लावू नका. घामातून आणि धुळीतून येणारे धातू पंखातल्या मूळ धातूंपेक्षा सहज जास्त भरतात.

धुणं, कापणं, तोलणं

पंखावर तेलकट थर, धूळ, पराग असतात. दोन भाग क्लोरोफॉर्म आणि एक भाग मिथेनॉल यांच्या मिश्रणात पंख बुडवून हलवतात, ते ओतून पुन्हा एकदा धुतात, आणि वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात (फ्यूम हूड) रात्रभर वाळू देतात. हे दोन्ही द्रव घातक आहेत. घरी, गच्चीवर, वर्गात हे अजिबात करू नका. प्रयोगशाळेतल्या अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच करा. पराग तपासायचा असेल तर तो धुण्याच्या आधीच बाजूला काढा, नंतर काही उरत नाही.

मग तुकडा कापायचा. पंखाचा काळा भाग आणि फिका भाग, शिरा आणि पडदा यांचे आकडे थोडे वेगळे येऊ शकतात. म्हणून एकच जागा ठरवा, समजा मागच्या पंखाचा अमुक शिरांमधला फिका चौकोन, आणि सगळ्या नमुन्यांसाठी तीच जागा घ्या. मधेच बदलू नका.

हायड्रोजनसाठी साधारण ०.३५ मिलिग्रॅम तुकडा चांदीच्या इवल्याशा डबीत भरतात आणि डबीची चिमट्यानं घट्ट गोळी करतात. कार्बनसाठी कथलाची डबी. ०.३५ मिलिग्रॅम म्हणजे तुकडा श्वासानंसुद्धा उडतो. कोरड्या हवेत, डिसेंबर-जानेवारीत, तो चिमट्याला चिकटतो आणि सुटतच नाही. हे काम सकाळी, पंखा बंद करून, एका बैठकीत वीस-पंचवीस नमुन्यांपेक्षा जास्त न करता केलेलं मला फळतं. ज्या ताटलीत गोळ्या ठेवता तिच्या घरांचे क्रमांक आणि वहीतले क्रमांक दोघांनी मिळून जुळवा. एक मोठ्यानं वाचणारा, एक बघणारा.

यंत्र आणि मोजपट्टी

चांदीची गोळी सुमारे १३५० ते १४०० अंश सेल्सियस तापलेल्या नळीत पडते. तिथे जळणं होत नाही, कारण प्राणवायू नसतो. पंखाचं विघटन होऊन हायड्रोजन वायू सुटतो. तो मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो, आणि जड व हलक्या हायड्रोजनचं गुणोत्तर मिळतं. ते समुद्राच्या पाण्याच्या प्रमाणित नमुन्याशी ताडून दर हजारी फरकात सांगतात. फरक बहुधा उणे असतो. उणे ११० म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत जड हायड्रोजन हजारी ११० भागांनी कमी.

यात एक खोच आहे. पंखातल्या हायड्रोजनचा काही भाग हवेतल्या बाष्पाशी सतत अदलाबदल करत असतो. म्हणजे पावसाळ्यात मुंबईत ठेवलेला पंख आणि उन्हाळ्यात नागपुरात ठेवलेला पंख वेगळा आकडा देऊ शकतो, जन्म एकाच झाडावर झालेला असला तरी. उपाय असा की ज्यांचे न बदलणाऱ्या हायड्रोजनचे आकडे आधीच ठाऊक आहेत असे जैविक प्रमाणित नमुने तुमच्या पंखांबरोबर त्याच खोलीत, त्याच हवेत काही दिवस ठेवायचे आणि त्याच ताटलीतून यंत्रात घालायचे. जगभर यासाठी कॅरिबूचं खूर आणि कुडू हरणाचं शिंग यांची भुकटी वापरतात. पहिल्याचं मूल्य उणे १९७, दुसऱ्याचं उणे ५४. तुमचे पंख बहुधा या दोहोंच्या मध्ये पडतात, म्हणून ती पट्टी सोयीची.

प्रयोगशाळा निवडताना तीन प्रश्न विचारा. घन पदार्थातला हायड्रोजन मोजता का, की फक्त पाणी? कोणते प्रमाणित नमुने वापरता? दर किती नमुन्यांमागे ते घालता? आपल्याकडे पाण्याच्या समस्थानिकांचं काम मोठं आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या पुढाकारानं देशभरच्या पाण्याच्या नोंदींचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पावसाच्या समस्थानिकांवर संशोधन चालतं. पण पाणी मोजणारं यंत्र पंख मोजेलच असं नाही. आधी विचारा, मग नमुने पाठवा.

आकड्यावरून नकाशाकडे

पंखाचा आकडा म्हणजे पावसाचा आकडा नव्हे. पाणी पानात शिरतं, पान सुरवंटात, सुरवंट पंखात, आणि प्रत्येक टप्प्यावर आकडा सरकतो. किती सरकतो ते जन्मस्थान ठाऊक असलेल्या फुलपाखरांवरूनच ठरवावं लागतं. मोनार्कसाठी हे काम कीथ हॉब्सन आणि लेन वासेनार यांनी केलं. १९९६च्या उन्हाळ्यात अमेरिका आणि कॅनडाच्या पूर्व भागात ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी आपापल्या भागातल्या मिल्कवीडवर सुरवंट वाढवले आणि फुलपाखरं पाठवली. त्यातून सूत्र निघालं: पंखाचा आकडा = ०.६२ गुणिले पावसाचा आकडा, वजा ७९.

एकदा हातानं करून बघा. मेक्सिकोत सापडलेल्या पंखाचा आकडा उणे ११० आला. त्यात ७९ मिळवले, उरले उणे ३१. त्याला ०.६२नं भागलं, आले उणे ५०. म्हणजे हा सुरवंट जिथे वाढला तिथल्या पावसाचा आकडा सुमारे उणे ५०. नकाशावर ही रेषा अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातून, मक्याच्या मुलखातून जाते.

पण इथे थांबलात तर फसाल. समजा पंखाच्या आकड्यात दहाची चूकभूल आहे. उणे १०० धरलं तर पाऊस येतो उणे ३४. उणे १२० धरलं तर उणे ६६. पंखातली दहाची चूक पावसात सोळाची होते, आणि रेषेचा पट्टा होतो. सुरुवातीला म्हटलं तो पट्टा हाच.

म्हणून आज कोणी एक रेषा काढत नाही. नकाशाचे लहान लहान चौकोन करतात आणि प्रत्येक चौकोनासाठी विचारतात: सुरवंट इथे वाढला असता, तर असा आकडा येण्याची शक्यता किती? सगळ्या चौकोनांच्या शक्यतांची बेरीज एक होईल असं बसवतात. मग सर्वाधिक शक्यतेचे चौकोन वरून मोजत एकूण दोन-तृतीयांश शक्यता भरेपर्यंत रंगवतात. 'आर' या संगणकभाषेत यासाठी 'असाइनआर' आणि 'आयसोरिक्स' ही मोफत साधनं आहेत. त्यांच्यासोबतचे नमुनादाखल आकडे घेऊन आधी सराव करा. स्वतःचे पंख यंत्रात जायच्या आधी हा सराव झालेला असावा. पावसाचा नकाशा वर्षभराचा घेऊ नका. सुरवंट ज्या महिन्यांत पानं खातो त्या ऋतूचा घ्या. आणि ती जात, तिची खाद्यवनस्पती जिथे नाहीच, ते चौकोन आधीच पुसून टाका.

ही रीत किती बळकट आहे ते १९९८मध्ये दिसलं. मेक्सिकोतल्या १३ वस्त्यांमधल्या मोनार्कचे हायड्रोजन आणि कार्बन मोजून असं निघालं की जवळपास निम्मी फुलपाखरं त्या मध्य-पश्चिम पट्ट्यात जन्मलेली होती, आणि वेगवेगळ्या भागांतली फुलपाखरं सगळ्या वस्त्यांमध्ये मिसळलेली होती. म्हणजे मेक्सिकोतलं एक जंगल तुटलं तर अमुक एका राज्याची फुलपाखरं जातील असं नव्हे, सगळीकडची थोडी थोडी जातील. संरक्षणाच्या दृष्टीनं ही माहिती फार मोलाची आहे.

आपल्याकडे हे करताना

मोनार्कचं सूत्र उचलून ब्लू टायगरला लावू नका. हे मी जोर देऊन सांगतो, कारण ही चूक पुन्हा पुन्हा होते. सूत्र जातीचं असतं आणि प्रदेशाचंही.

दक्षिण भारतात ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर आणि हबशी (कॉमन क्रो) ही फुलपाखरं पावसाळ्याच्या तोंडाशी घाटातून पूर्वेकडे उतरतात आणि पाऊस ओसरल्यावर परततात. कृष्णमेघ कुंटे यांनी या थव्यांतल्या जाती, नर-माद्यांचं प्रमाण आणि दिशा यांची नोंद २००५मध्ये प्रसिद्ध केली. जन्मस्थानाचा प्रश्न इथे अगदी चपखल बसतो. पण आपला पाऊस उत्तर अमेरिकेसारखा सरळ उतार दाखवत नाही. मुसळधार पावसात जड पाण्याचं प्रमाण एरवीपेक्षा कमी होतं, त्यामुळे एकाच गावात जूनचा पाऊस आणि ऑगस्टचा पाऊस वेगळा. ऑक्टोबरनंतर बंगालच्या उपसागराकडून येणारा पाऊस नैर्ऋत्य मोसमी पावसापेक्षा कमी ड्यूटेरियमचा असतो. शिवाय शेतात धरणाचं, कालव्याचं, बोअरचं पाणी असतं. बांधावरची वेल कालव्याचं पाणी पीत असेल, तर ती दूरच्या डोंगरावरच्या पावसाची खूण पानात घेऊन बसते.

म्हणून आधी पट्टी तयार करा. यासाठी प्लेन टायगरइतकं सोयीचं फुलपाखरू नाही. रुई कोकणात आहे, देशावर आहे, मराठवाड्यात आहे, विदर्भात आहे. गावोगावच्या मित्रांनी आपल्या भागातल्या, ज्याला कोणी पाणी घालत नाही अशा रुईवरचे सुरवंट त्याच रुईच्या पानांवर वाढवले, बाहेर आलेल्या फुलपाखराच्या पंखाचा तुकडा घेऊन ते सोडून दिलं, आणि त्या ऋतूत पडलेल्या पावसाचा नमुना घट्ट बुचाच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवला, तर एक खरीखुरी मराठी मुलखाची मोजपट्टी तयार होईल. बाटलीत हवा राहिली तर पाणी उडतं आणि आकडा बिघडतो. सुरवंटाला दुसऱ्या गावची पानं एकदाही घालू नका. १९९६मध्ये अमेरिकेत जे झालं त्याला यापेक्षा जास्त सामग्री लागली नव्हती, लागली होती ती माणसांची साखळी.

चतुरांवर काम करायचं असेल तर आणखी एक सावधगिरी. पावसाळ्यानंतर मोठ्या संख्येनं दिसणारा पिवळा चतुर, पॅन्टाला, ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये उतरतो. चार्ल्स अँडरसन यांनी २००९मध्ये मांडलं की हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात. २०१२मध्ये मालदीवच्या चतुरांच्या पंखांतला हायड्रोजन मोजला, तेव्हा त्यांचा उगम दक्षिण भारतात नव्हे, तर उपखंडाच्या उत्तर भागाकडे दिसला. पण चतुराचं बालपण डबक्यात जातं. डबक्यातलं पाणी उन्हानं आटतं आणि जड होत जातं. त्यामुळे फुलपाखराचं सूत्र चतुराला लागत नाही, त्याची पट्टी वेगळी.

दुसरा साक्षीदार

हायड्रोजनचा पट्टा बहुधा पूर्व-पश्चिम लांबच लांब पसरतो. त्याला आडवा छेद देणारी खूण हवी. ती खडकातून मिळते.

रुबिडियमचा एक प्रकार अब्जावधी वर्षांत हळूहळू स्ट्रॉन्शियममध्ये बदलतो. खडक जितका जुना आणि रुबिडियमनं भरलेला, तितकं स्ट्रॉन्शियम-८७चं प्रमाण ८६च्या तुलनेत जास्त. मातीतून ते झाडात येतं आणि पानातून सुरवंटात, वाटेत गुणोत्तर जवळजवळ न बदलता. आपल्या दृष्टीनं ही फार आशेची गोष्ट आहे. दख्खनचा काळा पाषाण तुलनेनं तरुण बेसाल्ट आहे, त्याचं गुणोत्तर कमी. कर्नाटकातले प्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस यांचं बरंच जास्त. समुद्राच्या पाण्याचं ०.७०९२, आणि किनाऱ्यालगतच्या मातीवर खाऱ्या वाऱ्यानं त्याची छाया पडते. पावसाचा नकाशा जिथे धूसर होतो तिथे खडकाचा नकाशा बोलू शकेल.

अडचण अशी की पंखात स्ट्रॉन्शियम अत्यल्प असतं, आणि फुलपाखराच्या आयुष्यात धूळ आणि मध यांतून थोडं नवं शिरू शकतं. स्वच्छ खोली आणि खास यंत्र लागतं. नवख्यानं हे एकट्यानं अंगावर घेऊ नये. हायड्रोजनचे निकाल हाती घेऊन एखाद्या भूरसायनशास्त्रज्ञाकडे जावं.

दोन-तीन साक्षीदार एकत्र आले की काय होतं, त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण दक्षिण अमेरिकेतलं आहे. २०१३च्या ऑक्टोबरअखेर जेरार्ड तालावेरा यांना फ्रेंच गयानाच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बसलेल्या, पंख फाटलेल्या पेंटेड लेडी दिसल्या. ही जात दक्षिण अमेरिकेत नांदत नाही. मग प्रत्येक शक्यता एकेक करून तपासली. जनुकं युरोप-आफ्रिकेच्या फुलपाखरांशी जुळली, उत्तर अमेरिकेच्या नाही. अंगावरच्या परागाच्या डीएनएत पश्चिम आफ्रिकेत ऑगस्टनंतर फुलणाऱ्या झुडपांची नावं निघाली. त्या दिवसांतले वारे आफ्रिकेकडून गयानाकडे वाहत होते. आणि पंखातले हायड्रोजन व स्ट्रॉन्शियम एकत्र धरले, तेव्हा जन्मस्थान बहुधा पश्चिम युरोपात पडलं. अटलांटिकवरचं उड्डाणच ४,२०० किलोमीटरहून जास्त, आणि युरोपपासून मोजलं तर ७,००० किंवा त्याहून अधिक. हे सगळं २०२४मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे फुलपाखरं सापडल्यावर दहा वर्षांहून अधिक काळानं. एकट्या हायड्रोजनवर विसंबून हे विधान कोणी केलं असतं तर मी मानलं नसतं.

निकाल कसा लिहावा

"हे फुलपाखरू अमुक जिल्ह्यातून आलं" असं लिहू नका. "दोन-तृतीयांश शक्यता या रंगवलेल्या भागात पडते, नोंदीच्या जागेजवळ जन्म झाल्याची शक्यता कमी" असं लिहा. स्थानिक जन्म नाकारता येतो का, हे सगळ्यात आधी तपासा, कारण बऱ्याचदा एवढंच उत्तर खात्रीनं देता येतं आणि स्थलांतर सिद्ध करायला तेवढं पुरतं. कोणतं सूत्र, कोणता नकाशा, कोणते महिने, कोणते प्रमाणित नमुने वापरले, ते सगळं लिहा, म्हणजे उद्या चांगला नकाशा आला तर तुमचे आकडे त्यावर पुन्हा मांडता येतील.

आणि उरलेला पंख फेकू नका. २०१७मध्ये मोनार्कवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३८ वर्षांतल्या फुलपाखरांचं जन्मस्थान शोधलं गेलं. ते शक्य झालं, कारण समस्थानिकांचा उपयोग कोणाच्या ध्यानीमनी नव्हता अशा काळातली फुलपाखरंही संग्रहांत नोंदींसकट जपलेली होती. मोजलेला तुकडा कापून झाला की बाकीचा पंख त्याच पाकिटात परत घाला, कुठून कापला त्याचं छोटं रेखाटन पाकिटावर पेन्सिलीनं काढा, प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक शेजारी लिहा, आणि डब्यातलं सिलिका जेल बदला.